जिथे अडथळा नाही, तिथला रोध

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत मीटर ब्रिज चुकत नाही. लाकडी पट्टीवर ताणलेली एक मीटर लांबीची उघडी तार, तिच्यावरून सरकवायची जॉकी, आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की मोजपट्टीवरचा आकडा वहीत. हा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या ज्युनियर कॉलेजात करा नाहीतर पुण्याच्या, त्यामागचं गृहीत एकच: तार दुप्पट लांब तर रोध दुप्पट, काटछेदाचं क्षेत्रफळ दुप्पट तर निम्मा. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये विद्युतमंडलाचं गणित पुस्तकरूपाने मांडलं, तेव्हापासून हे गृहीत आपल्या हाडीमाशी मुरलं आहे. रोध हा तारेच्या अंगचा गुण. तारेतल्या अडथळ्यांमुळे तो येतो. अडथळे काढून टाकले की तोही जाईल.

१९८८ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इलेक्ट्रॉनसाठी असा अरुंद मार्ग तयार केला की त्यात धडकायला काहीच नव्हतं. रोध शून्यावर यायला हवा होता. तो येऊन थांबला १२,९०६ ओहमच्या आसपास. मार्ग थोडा रुंद केला तर तो हळूहळू न घटता एकदम निम्म्यावर उतरला आणि तिथे टिकून राहिला. आणखी रुंद केला तर एक तृतीयांशावर. मग एक चतुर्थांशावर.

ही हकिकत सांगताना पुस्तकं बहुतेक वेळा समीकरणांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ही गोष्ट मुळात स्फटिक वाढवणाऱ्यांची आहे. विचार तीस वर्षं आधीच मांडून झाला होता. तो पडताळून पाहता येईल असा पदार्थच जगात कुठे नव्हता.

इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. त्यानंतर तीनच वर्षांनी पाउल ड्रूडे या जर्मन शास्त्रज्ञाने धातूतल्या विद्युतधारेचं चित्र रेखाटलं: असंख्य इलेक्ट्रॉन धातूत सैरावैरा धावताहेत, अणूंवर आदळताहेत, आणि बॅटरी जोडली की त्या धावपळीला एका दिशेचा हलकासा ओढा मिळतो आहे. ओहमचा नियम त्या चित्रातून सहज निघत होता, म्हणून ते लोकांना पटलं. पुढे १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉखने दाखवलं की इलेक्ट्रॉनकडे लाट म्हणून पाहिलं तर नीटनेटक्या रांगेतले अणू तिला अडवतच नाहीत. अडवतात ते दोनच घटक: अणूंची उष्णतेने होणारी थरथर, आणि रांगेत घुसलेले परके अणू किंवा राहिलेल्या रिकाम्या जागा. म्हणजे पूर्ण शुद्ध स्फटिक घेतला आणि तो पुरेसा थंड केला, तर सामान्य धातूतही रोध उरू नये. कागदावर हे ठीक होतं. तसा स्फटिक हाताशी नसल्यामुळे कुणाचं काही अडलंही नाही.

रोल्फ लँडाउअर हा माणूस या विषयात जरा आडवाटेने आला. जन्म १९२७ चा, श्टुटगार्टच्या ज्यू कुटुंबातला. हिटलरच्या जर्मनीतून १९३८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला निसटलं. युद्धाच्या अखेरीस त्याने नौदलात इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ म्हणून काम केलं, १९५० मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, १९५२ मध्ये तो आयबीएममध्ये रुजू झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. १९५७ मध्ये आयबीएमच्या स्वतःच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. तेव्हाची पद्धत अशी होती की आधी विद्युतक्षेत्र धरायचं आणि त्यामुळे धारा किती वाहते ते काढायचं. लँडाउअरने प्रश्न उलटा फिरवला. तारेच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉन सोडले तर किती पार जातील आणि किती परततील, एवढंच विचारा, तो म्हणाला. पार जाण्याचं प्रमाण हीच वाहकता.

नियतकालिक फारसं कुणाच्या वाचनात नसलेलं, प्रश्न फारसा कुणाला न पडलेला. लेख धूळ खात पडला. १९७० मध्ये लँडाउअरने तोच विचार पुन्हा मांडला, तरी गर्दी जमली नाही. माहिती पुसायला किमान किती ऊर्जा खर्चावी लागते हा त्याचा १९६१ चा सिद्धांत आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी शिकतात, पण वाहकतेबद्दलचा त्याचा विचार ऐकून घ्यायला लोकांना आणखी दहा-पंधरा वर्षं लागायची होती.

दरम्यान अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वेगळंच काम चाललं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जॉन आर्थर आणि आल्फ्रेड चो यांनी स्फटिक वाढवण्याची अशी रीत बसवली की जिच्यात पदार्थ अणूंच्या एकेका थरानं चढवता येतो. स्टीलची मोठी टाकी, तिच्यातली हवा जवळजवळ शेवटच्या रेणूपर्यंत उपसून काढलेली. आत गॅलियम, ॲल्युमिनियम, आर्सेनिक यांच्या छोट्या भट्ट्या, प्रत्येकीच्या तोंडाशी उघडझाप करणारं झाकण. झाकण उघडलं की अणूंचा झोत समोरच्या तापलेल्या चकतीवर पडतो आणि सेकंदाला साधारण एक थर चढतो. दिवसभर यंत्र चालवावं तेव्हा काही मायक्रोमीटर जाडीचा माल हाती येतो. टाकी एकदा उघडली तर पुन्हा शुद्ध व्हायला आठवडे जातात. हे काम करणाऱ्या माणसाला सिद्धांतापेक्षा चिकाटी जास्त लागते.

गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड या दोन अर्धवाहकांची अणूंची मांडणी जवळजवळ सारख्या मापाची आहे, त्यामुळे एकावर दुसरा बेमालूम बसतो. १९७८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या डिंगल, श्टोर्मर, गॉसर्ड आणि विगमन यांनी या जोडीत एक युक्ती केली. अर्धवाहकाला इलेक्ट्रॉन मिळावेत म्हणून त्यात सिलिकॉनचे परके अणू मिसळावे लागतात. अडचण ही की इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले हेच अणू मागे धनभारित होऊन बसतात आणि त्याच इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. या चौघांनी सिलिकॉन फक्त ॲल्युमिनियमवाल्या थरात घातला. त्यातले इलेक्ट्रॉन शेजारच्या शुद्ध थरात उतरले, कारण तिथे ऊर्जा कमी लागते, आणि दोन थरांच्या सीमेवर पातळ पापुद्र्यासारखे पसरले. अडथळे एका थरात, इलेक्ट्रॉन दुसऱ्या. या पापुद्र्यात इलेक्ट्रॉन पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे फिरू शकतो, वर-खाली हलू शकत नाही. म्हणून त्याला द्विमितीय इलेक्ट्रॉन वायू म्हणतात. पुढच्या दहा-अकरा वर्षांत थंड तापमानात या वायूतल्या इलेक्ट्रॉनांची चपळता शेकडो पटींनी वाढली, ती बरीचशी टाक्या आणि भट्ट्या अधिकाधिक स्वच्छ करत नेल्यामुळे.

जपानच्या फुजित्सू कंपनीतल्या ताकाशी मिमुराने याच पापुद्र्यापासून अतिशय कमी खरखर करणारा ट्रांझिस्टर बनवला आणि १९८० मध्ये तो जगापुढे आला. पाच वर्षांनी तो नोबेयामाच्या रेडिओ दुर्बिणीत बसला. १९८७ पासून उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणाऱ्या घरगुती यंत्रांसाठी त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. आज अहेरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कवेलूच्या छपराशेजारी डिश लावलेली दिसते. तिच्यासमोर दांडीवर जी लहानशी डबी बसवलेली असते, तिच्यात छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश सर्वांत आधी वाढवणारा ट्रांझिस्टर बहुधा याच जातीचा असतो. क्वांटम भौतिकी आपल्या दारात कधी येणार, असं विचारणाऱ्यांनी त्या डबीकडे बोट दाखवावं. प्रयोगशाळेतल्या नवलाला आणि बाजारातल्या मालाला इथे एकच कच्चा माल लागत होता, आणि बाजाराचा पैसा असल्यामुळे तो मिळतही होता.

या पापुद्र्यांनी आणि त्यांच्या सिलिकॉनमधल्या भावंडांनी एकामागून एक धक्के द्यायला सुरुवात केली. १९८० च्या फेब्रुवारीत ग्रेनोबलच्या चुंबकीय प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंगला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रोधाच्या सपाट पायऱ्या दिसल्या. त्या २५,८१२.८ ओहम या एकाच आकड्याला पूर्णांकाने भागून मिळत होत्या. त्याला १९८५ चं नोबेल मिळालं. १९८२ मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गॉसर्ड यांनी याच परिणामाचं अपूर्णांकी रूप जाहीर केलं. त्यातल्या पहिल्या दोघांना १९९८ मध्ये लॉफलिनबरोबर नोबेल मिळालं. गॉसर्डने स्फटिक वाढवला होता. त्याला मिळालं नाही. नियमाप्रमाणे एका पारितोषिकात तीनच जण बसतात हे खरं, तरीही ही गोष्ट मला खटकते.

द्विमितीय पापुद्रा झाला, मग एकमितीय तार का नको? टोकियो विद्यापीठातल्या हिरोयुकी साकाकीने १९८० मध्येच तसा हिशेब मांडला होता. पातळ थरात इलेक्ट्रॉन अडथळ्याला घासून थोडासा तिरपा जाऊ शकतो. अगदी अरुंद तारेत तिरपं जायला जागाच नाही, एक तर सरळ पुढे किंवा थेट माघारी. थेट माघारी फिरवायला धक्का मोठा लागतो, आणि तेवढे मोठे धक्के दुर्मिळ असतात. म्हणून अशा तारेत इलेक्ट्रॉन फार मोकळे धावतील. पण ही तार करायची कशी? स्फटिक कोरून अरुंद पट्टी काढली तर तिच्या खडबडीत कडा इलेक्ट्रॉनांना नवे अडथळे होतात.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मायकेल पेपर यांच्या गटाने स्फटिकाला हातच लावायचा नाही असं ठरवलं. १९८६ मध्ये ट्रेव्हर थॉर्नटन, पेपर, हारून अहमद आणि सहकाऱ्यांनी पापुद्र्याच्या वर, स्फटिकाच्या पृष्ठभागावर, धातूचे दोन पातळ पट्टे समोरासमोर ठेवले आणि मध्ये बारीक फट सोडली. पट्ट्यांना ऋण विद्युतदाब दिला की त्यांच्याखालचे इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात, उरते फक्त फटीखालची अरुंद वाट. दाब वाढवला की वाट आणखी आवळते. कडा गुळगुळीत, कारण त्या पदार्थाच्या नाहीत, विद्युतक्षेत्राच्या आहेत. आणि रुंदी हवी तशी बदलायची तर फक्त बटण फिरवायचं. एकच नमुना, एकाच बैठकीत, शंभर वेगवेगळ्या रुंदींच्या तारांचं काम करतो.

इकडे सिद्धांतवाल्यांत लँडाउअरचा जुना विचार बाहेर निघाला होता आणि त्यावरून जोरात वाद पेटला होता. अडथळा अजिबात नसलेल्या, म्हणजे शंभर टक्के इलेक्ट्रॉन पार करणाऱ्या तारेचा रोध किती? लँडाउअरचं मूळ सूत्र म्हणे शून्य. १९८१ नंतर इतरांनी वेगळ्या वाटेने काढलेलं सूत्र म्हणे एका मार्गिकेला १२,९०६ ओहम. दोन्ही बाजूंना मातब्बर माणसं. अखेर इस्रायलचे योसेफ इमरी आणि आयबीएमचा स्विस शास्त्रज्ञ मार्कुस ब्युटिकर यांनी १९८६ च्या सुमारास गाठ सोडवली: दोघंही बरोबर, तुम्ही व्होल्टमीटर कुठे लावता त्यावर उत्तर ठरतं. तारेच्या आतच लावला तर शून्य. तारेच्या दोन्ही टोकांच्या रुंद प्रदेशांत लावला तर १२,९०६.

हे कसं, ते समजायला आलापल्लीच्या लाकूड डेपोसारखं मोठं आवार डोळ्यांसमोर आणा. आत दहा ट्रक शेजारी शेजारी उभे राहतात, बाहेर पडायला मात्र एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता. रस्त्यावर खड्डा नाही, नाका नाही, उभं झाड नाही. तरी आवाराच्या तोंडाशी रांग लागतेच, आणि तासाला किती गाड्या निघाल्या हे रस्ता किती किलोमीटरचा आहे यावर ठरत नाही. रोध तारेत नाही, तारेच्या तोंडाशी आहे.

पण मग नेमका १२,९०६ हाच आकडा का? एका मार्गिकेतून वाहणारी धारा दोन गोष्टींवर अवलंबून: इलेक्ट्रॉन किती वेगाने जातात आणि दिलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात किती इलेक्ट्रॉनांना जागा आहे. एकाच दिशेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत ही दुसरी संख्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोन्हींचा गुणाकार केला की वेग कटून जातो. वेग कटला म्हणजे पदार्थ कोणता, तार किती लांब, हे सगळं कटलं. मागे राहतात निसर्गाचे दोनच स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक. भाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोन शक्यता म्हणून गुणिले दोन. उत्तर ७७.५ मायक्रोसीमेन्स. त्याचा व्यस्त १२,९०६ ओहम. रोधाच्या सूत्रात तांब्याचं, चांदीचं, कशाचंच नाव उरत नाही ही गोष्ट मला आजही पुन्हा पुन्हा ताळा करून पाहावीशी वाटते.

आता १९८७ ची अखेर. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात बार्ट फान वेस डॉक्टरेटचं काम करत होता. लेओ काउवेनहोवन हाही तिथलाच विद्यार्थी. त्यांच्याबरोबर होते फिलिप्स कंपनीच्या आइंडहोवन इथल्या प्रयोगशाळेतले हेंक फान हाउटेन आणि कार्लो बेनाकर. फिलिप्स म्हणजे आपल्याकडे बल्ब आणि रेडिओ, पण त्या काळी या कंपनीच्या संशोधनशाळा विद्यापीठांच्या तोडीच्या होत्या. इंग्लंडमधल्या रेडहिल इथे कंपनीची आणखी एक शाळा होती, आणि तिथे टॉम फॉक्सन या गटासाठी स्फटिक वाढवत होता. त्याने दिलेल्या तुकड्यात इलेक्ट्रॉन सरासरी साडेआठ मायक्रोमीटर न धडकता जात असे. फान वेसची फट होती त्याच्या कितीतरी पट लहान, रुंदी एक मायक्रोमीटरच्या पाव भागाएवढी. फटीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाटेत धडक बसण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच.

नमुना हेलियमच्या साहाय्याने ०.६ केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जवळ, थंड केला होता. पट्ट्यांवरचा दाब उणे ०.६ व्होल्टला आला की त्यांच्याखालचे इलेक्ट्रॉन हटत आणि फटीखालची वाट तयार होई. उणे २.२ व्होल्टला वाट पूर्ण बंद. या दोन टोकांमध्ये दाब सावकाश फिरवत रोध मोजायचा, एवढंच काम. कागदावर तिरपी रेघ उमटेल अशी अपेक्षा कुणीही केली असती. उमटला जिना. मोजलेल्या रोधातून तारा आणि रुंद प्रदेश यांचा ४०० ओहमचा वाटा वजा केल्यावर पायऱ्या ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या पूर्ण पटींवर बसल्या: एक, दोन, तीन, सोळापर्यंत.

पायऱ्या अशा मोजता येण्याइतक्याच का, याचाही ताळा लागतो. त्या पापुद्र्यातल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ४२ नॅनोमीटर. वाटेच्या रुंदीत अर्ध्या तरंगलांब्या जितक्या पूर्ण बसतील तितक्या मार्गिका उघडतात. म्हणजे वाट २१ नॅनोमीटरने रुंदावली की एक नवी मार्गिका. धातूत हा प्रयोग असा जमला नसता, कारण तांब्यातल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते आणि मार्गिका एकेक करून मोजायच्या तर फट दोन-चार अणूंएवढी करावी लागते. (तेही पुढे झालं. १९९८ मध्ये जपानमध्ये सोन्याच्या एकेका अणूच्या साखळीवर हाच आकडा मोजला गेला.)

डेल्फ्टचा लेख ३१ डिसेंबर १९८७ रोजी नियतकालिकाच्या कार्यालयात पोचला आणि २९ फेब्रुवारी १९८८ च्या अंकात छापून आला. केंब्रिजच्या डेव्हिड व्हॅरम, थॉर्नटन, पेपर आणि मंडळींचा लेख काही आठवड्यांच्या अंतराने इंग्लंडच्या नियतकालिकात आला. जिना तोच, पायऱ्यांची उंची तीच. पहिला कोण, हा वाद दोन्ही गटांनी फारसा घातला नाही, आणि पाठ्यपुस्तकं आजही दोन्ही नावं एका दमात घेतात. लँडाउअर तेव्हा साठीत होता. पार जाणं म्हणजेच वहन, हा त्याचा आडवाटेचा विचार आता कुणालाही बोटाने दाखवता येत होता. १९९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याचं सूत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिरलेलं होतं.

फॉन क्लिट्झिंगच्या पायऱ्या अब्जातल्या एखाद्या भागापर्यंत अचूक असतात, म्हणून त्यांचा उपयोग ओहमचं प्रमाण म्हणून झाला. या नव्या पायऱ्या टक्क्याच्या आसपास अचूक. फटीचं तोंड थोडं वेडंवाकडं असलं, जवळ एखादा परका अणू असला की पायरी ढासळते. स्फटिकाची परीक्षाच म्हणा. वाट जरा लांब केली तर ही परीक्षा फारच कडक होते. १९८८ चे नमुने खरं तर तारा नव्हतेच, त्या खिंडी होत्या. खऱ्या लांब क्वांटम तारांवर १९९० च्या दशकात जपानच्या एनटीटीमध्ये आणि बेल लॅबोरेटरीजमध्ये प्रयोग झाले, तेव्हा पायऱ्या दिसल्या पण अपेक्षेपेक्षा बुटक्या.

रोध तारेत नसून तोंडाशी आहे, याचा थेट पुरावा मिळायला २००१ उजाडलं. बेल लॅबोरेटरीजमध्ये दे पिचोत्तो, श्टोर्मर, फायफर आणि सहकाऱ्यांनी एका तारेला टोकांच्या जोडण्यांखेरीज मधोमध आणखी दोन नाजूक जोडण्या दिल्या. टोकांवरून मोजलं तर पायऱ्या. मधल्या दोन बिंदूंत मोजलं तर रोध जवळजवळ शून्य. इमरी आणि ब्युटिकर यांनी कागदावर मिटवलेलं भांडण पंधरा वर्षांनी मीटरवर मिटलं. या प्रयोगाचं कौतुक व्हायला हवं होतं त्यापेक्षा कमीच झालं असं मला वाटतं.

काही गोष्टी मात्र मिटल्या नाहीत. १९९६ मध्ये केंब्रिजच्याच गटाने पहिल्या पायरीच्या जरा खाली, तिच्या ०.७ पटीवर, एक अर्धवट खांदा दिसतो याकडे लक्ष वेधलं. तापमान वाढवलं की पायऱ्या पुसट होतात, हा खांदा उलट ठळक होतो. एकट्या इलेक्ट्रॉनचा हिशेब करून तो येत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यांचे स्पिन एकमेकांशी काही देवघेव करतात, हे त्यात घ्यावं लागतं. नेमकी कोणती देवघेव, यावर आजही एकमत नाही. एका रांगेत कोंडलेले इलेक्ट्रॉन तर एकेकटे राहतच नाहीत. एक हलला की अख्खी रांग हलते, आणि भाराची लाट वेगळ्या वेगाने, स्पिनची लाट वेगळ्या वेगाने जाते. तोमोनागाने १९५० मध्ये आणि लटिंजरने १९६३ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला २००९ मध्ये केंब्रिजच्या तारांमधून भक्कम आधार मिळाला.

त्या जिन्यावरून घसरण्याची हकिकतही सांगायला हवी. २०१२ मध्ये डेल्फ्टमध्ये काउवेनहोवन यांच्या गटाने इंडियम अँटिमोनाइडच्या तारा अतिवाहकाला जोडून मायोराना नावाच्या विलक्षण अवस्थेच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं. न चुकणारा क्वांटम संगणक त्यातून बनेल अशी आशा होती, मोठ्या कंपन्यांनी पैसा ओतला. २०१८ मध्ये याच गटाने वाहकता नेमकी १९८८ च्याच आकड्यावर येऊन सपाट झाल्याचं छापलं. इतर शास्त्रज्ञांनी कच्च्या नोंदी मागवून पाहिल्या तेव्हा काही भाग गाळल्याचं दिसलं, आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो लेख मागे घेण्यात आला. नेमलेल्या तज्ज्ञांना हेतुपुरस्सर फसवणूक आढळली नाही, उत्साहाच्या भरात सावधपणा सुटल्याचं त्यांनी नोंदवलं. १९८८ मध्ये हा आकडा न शोधता सापडला होता. २०१८ मध्ये तो शोधायला गेले म्हणून सापडला. ही घटना विज्ञानाची बदनामी म्हणून सांगितली जाते, पण चूक त्याच विषयातल्या माणसांनी, कच्चा माल तपासून उघडी केली, हेही त्याच दमात सांगावं.

महाराष्ट्रात हा धागा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडतो. संस्था १९४५ ची, होमी भाभांनी उभी केलेली, कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी. तिथे अर्णब भट्टाचार्य यांच्या प्रयोगशाळेत अर्धवाहकांचे स्फटिक वायूंतून वाढवले जातात, आणि मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्यापासून उपकरणं करून ती अतिथंड तापमानात मोजली जातात. देशमुख यांना २०१५ चं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालं. इथल्या तारा फटीखालच्या नाहीत, सुट्या वाढवलेल्या आहेत. या रीतीत चकतीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण पसरतात. तापवलेल्या भट्टीत वायू सोडले की अणू आधी सोन्याच्या थेंबात मुरतात आणि मग थेंबाखाली साचत जातात. थेंब वर सरकत जातो, खाली तार उभी राहते. जाडी डोक्यावरच्या थेंबाएवढी.

२००९ मध्ये सजल धारा, हरि सोळंकी, देशमुख, भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइडच्या अशा एकेकट्या तारेची चुंबकीय क्षेत्रातली वाहकता मोजून प्रसिद्ध केली. या तारांत डेल्फ्टचा जिना नव्हता, कारण इलेक्ट्रॉन वाटेत धडका खातच होते. पण धडका खाऊनही लाटपण टिकून होतं. माघारी फिरलेल्या लाटा एकमेकींत मिसळून वाहकता किंचित कमी करत होत्या, आणि तारेतले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करणाऱ्या विद्युतअग्रावरचा, म्हणजे गेटवरचा, दाब वाढवला की हाच परिणाम उलटून वाहकता किंचित वाढवत होता. इलेक्ट्रॉनची लाट किती अंतरापर्यंत सूर टिकवते आणि त्याचा स्पिन किती अंतरात वळतो, ही दोन्ही अंतरं त्यांनी नुसत्या दाबाने जवळपास दुपटीने बदलून दाखवली. प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉन तारेच्या कडेला टप्पे घेत पुढे सरकतात आणि मग पृष्ठभाग कसा आहे यावर सगळं ठरतं, असंही त्यांनी मांडलं. पुन्हा कडा, पुन्हा स्फटिकाचा दर्जा. या कामात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तार बाहेरून मागवलेली नव्हती. ज्या आवारात वाढली, त्याच आवारात मोजली गेली.

२० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या किमती आंतरराष्ट्रीय करारानेच ठरवून टाकल्या आहेत. त्यामुळे ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या त्या पायरीची आदर्श उंची आता मोजायची उरलेली नाही, ती व्याख्येने पक्की झाली. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली, आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापन यांचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. त्या पैशातला किती वाटा भट्ट्या, टाक्या आणि त्या चालवणाऱ्या हातांना मिळतो, यावर माझ्या मते पुढचा निकाल ठरेल. सिद्धांत लिहिणारे आपल्याकडे कमी नाहीत.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि त्याच्या कॉलेजांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना मुंबई फार दूर वाटते. त्यांच्यासाठी एक माहिती. आयआयटी मुंबईत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभं राहिलं, आणि ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम’ ही योजना मुद्दाम बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठी काढली गेली: तिथे येऊन यंत्रं शिकावीत, आपल्या कल्पनेचा नमुना करून पाहावा. एमएस्सीच्या किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाला घेऊन प्रस्ताव लिहावा आणि पाठवावा. ०.७ च्या खांद्याचं उत्तर अजून कुणाच्याच वहीत नाही.